खोट कवळीत नव्हती

उस्तादांचा दिवस आइसक्रीमच्या काड्यांनी सुरू व्हायचा. आइसक्रीमचा पत्ता नाही, नुसत्या काड्या. उठायचं, बेसिनसमोर उभं राहायचं, चौदा काड्यांची चवड वरच्या आणि खालच्या दातांमध्ये सरकवायची आणि मधोमध पंधरावी घुसते का बघायचं. घुसली तर तोंड थोडं जास्त उघडायला लागलं असं समजायचं. गेले चार महिने गाडी चौदावरच अडली होती. पंधरावी काडी रोज यायची, दार वाजवायची आणि परत जायची.

मग दातांवर जेल. पारदर्शक ट्रेमध्ये जेल भरायचं, ट्रे दातांवर बसवायचा आणि पाच मिनिटं गप्प राहायचं. बायकोला दिवसातली ही पाच मिनिटं फार प्रिय होती. दोन दिवसांचं सगळं ऐकवायचं राहिलेलं ती त्यात उरकून घ्यायची.

"गॅसवाल्याला फोन केलात का? नाही केलात. ताईंना उलटा फोन केलात का? नाही केलात. आता मान हलवू नका, जेल सांडेल."

मग पाण्याची बाटली. ती दिवसभर बगलेत. दोन वाक्यं बोलली की एक घोट, नाहीतर जीभ पोस्टाच्या तिकिटासारखी टाळूला चिकटायची. रात्रीतून चारदा उठून घोट घ्यायचा, म्हणजे पाठोपाठ चारदा बाथरूमलाही जायचं. लोक भेटले की म्हणायचे, "वा, एकदम ठणठणीत!" उस्ताद म्हणायचे, "हो, ठणठणीतच, आतून ठणठण आवाज येतो." आणि मनात म्हणायचे, बाबांनो, दमलोय रे मी. आजारपणाने नाही दमलो तेवढा ह्या बरं होण्याने दमलोय.

उस्ताद कवळ्या बनवायचे. चाळीस वर्षं. दाताच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना पुढे, उस्तादांची खोली मागे, मध्ये एक दार. मॅडम पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन दारातून पाठवायच्या, उस्ताद त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, मेणात दात लावायचे आणि पुढचे सगळे सोपस्कार करून चकाचक कवळी त्याच दारातून परत पाठवायचे. गल्लीतले निम्मे म्हातारे उस्तादांच्या दातांनी जेवत होते. कुणी रस्त्यात आखडून गेला की उस्ताद मागून ओरडायचे, "हसा की जरा, माझं काम बघू दे!"

दोन वर्षांपूर्वी जिभेच्या बुडाशी गाठ निघाली. पस्तीस दिवस किरणं घ्यावी लागली. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवायचे आणि तो टेबलाला खटके लावून आवळायचे, डोकं तसूभर हलू नये म्हणून. पहिल्याच दिवशी उस्तादांनी मुखवट्याच्या आतून विचारलं, "फिटिंग झकास आहे. कुणी बनवलंय?" तिथली बाई म्हणाली, "काका, हलू नका."

गाठ गेली. पण किरणं सुरू व्हायच्या आधीच मॅडमनी उस्तादांना समोर बसवून सांगितलं होतं.

"उस्ताद, नीट ऐका. मान डोलवू नका, ऐका. किरणांनी गाठ मरते, पण वाटेत जे जे येतं त्याचंही काहीतरी जातं. लाळ आटते. लाळ आटली की दात मुळाशी किडतात. आणि जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात. खालच्या जबड्याला रक्त मुळातच बेताचं. तिथे नंतर जखम झाली तर ती भरून यायला रक्तच पोचत नाही. हाड उघडं पडतं आणि उघडंच राहतं. वाढत गेलं तर जबडा कापावा लागतो."

"कापतात आणि मग?"

"मग पायाचं हाड काढून तिथे बसवतात."

"म्हणजे बोलता बोलता चालायला लागेन."

मॅडम हसल्या नाहीत. "म्हणून मला विचारल्याशिवाय दात उपटायचा नाही, हिरडी टोचायची नाही, कवळी लावायची नाही."

"किती दिवस?"

"कायम."

उस्तादांनी मान डोलावली.

झालं मॅडम म्हणाल्या तसंच. वर्षभरात दात हिरडीलगत तपकिरी पडले, मग खडूसारखे भुगा व्हायला लागले. जेल लावत होते म्हणून पुढचे तरी टिकले. खालच्या डावीकडचे पाच मात्र एकामागून एक मोडले. एक तर दुधात भिजवलेल्या पावात मोडला. मॅडमनी ते उपटले नाहीत. हिरडीच्या पातळीला कापून गुळगुळीत केले, मुळ्या आत ठेवून वरून बंद केल्या. "राहू दे तशाच. बिळातल्या सापाला उगीच बाहेर काढायचं नाही," म्हणाल्या.

खाणं काय, मिक्सरमधून काढलेलं. चव तशीही परत आली नव्हती, सगळंच ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. त्याचं उस्तादांना एवढं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटलं ते समोरच्या इस्त्रीवाल्यापाशी.

उस्ताद रोज अकराला चहाच्या वेळी इस्त्रीवाल्याच्या टेबलाला टेकायचे आणि काहीतरी नवं हाणायचे. त्या दिवशी म्हणाले, "एक बाई आली काल. म्हणाली, सासूबाईंची कवळी जरा सैल करून द्या, बोलताना पडली पाहिजे."

पण डावीकडून हवा जायची. 'सासूबाई' आणि 'सैल' दोन्ही कुकरच्या शिट्टीसारखे निघाले.

"काय? कुणाची काय?" इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली.

"सासूबाईंची. सैल." घोटभर पाणी. "मी म्हटलं, करतो की सैल, पण सासूबाई सकाळीच येऊन गेल्यात, तुमची घट्ट करायला सांगून."

"काय करायला सांगून?"

उस्तादांनी तिसऱ्यांदा सांगितलं. इस्त्रीवाला हसला, पण कुणी देवाघरी गेलेल्या घरात माणूस चहा पितो तसा, बेताने. वर म्हणाला, "बरं वाटतंय ना आता, उस्ताद? त्रास नका करून घेऊ बोलायचा."

हे लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची टोपी उडवली, त्याची कीव यायला लागली म्हणजे संपलंच. शिवाय कवळीवाल्याच्या तोंडात खिंडार. मिठाईवाल्याने उपाशी दिसावं तसं ते.

मॅडमनी नव्या ट्रेसाठी तेव्हाच उस्तादांच्या खालच्या जबड्याचं माप घेतलं होतं आणि साचा ओतायला उस्तादांकडेच पाठवलं होतं. उस्तादांनी त्यातून एक साचा ओतला मॅडमसाठी आणि दुसरा स्वतःसाठी. मॅडम दुपारी जेवायला जायच्या त्या तासात, आठ दिवसांत, काम फत्ते. डावीकडची एवढीशी कवळी, पाच दातांची, पुढच्या दातांना तारेचा आकडा मारून अडकवायची. चौदा काड्यांएवढ्या फटीतून जाईल अशी चपटी. उस्तादांनी ती दिव्यासमोर धरून फिरवली आणि स्वतःशीच म्हणाले, "हरामखोरा, हात अजून तोच आहे."

घरी बायको म्हणाली, "अहो! शब्द कसे स्पष्ट येतायत! दात कुठून आले?"

"मॅडमनी दिले."

"मग एवढे दिवस का थांबल्या होत्या?"

"त्यांना विचार," उस्ताद म्हणाले. बायको विचारायला जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मॅडमसमोर ती लहान मुलीसारखी हात मागे बांधून उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी अकराला सासूबाईंचा किस्सा पुन्हा सांगितला. इस्त्रीवाल्याने ह्यावेळी इस्त्री खाली ठेवली आणि टेबलावर थाप मारून हसला. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?" उस्ताद म्हणाले, "त्या दिवशी तू बहिरा होतास."

दवाखान्याच्या दारापलीकडे मॅडमच्या चपला वाजल्या की कवळी शर्टाच्या खिशात. चपला लांब गेल्या की परत तोंडात. मागल्या खोलीत तीन आठवडे हा लपंडाव चालला आणि खरं सांगायचं तर उस्तादांना त्यात आजारानंतर पहिल्यांदा मजा आली.

मग एक जागा टोचायला लागली.

आता चाळीस वर्षांचा नियम असा: गिऱ्हाईक म्हणालं टोचतंय, की खोट कवळीत. एक पेन्सिल असते, ओली झाली की जांभळी उमटणारी. हिरडीवर दुखऱ्या जागी तिचा ठिपका द्यायचा, कवळी बसवायची, काढायची. ठिपका कवळीवर उमटतो. तेवढी जागा घासायची. संपलं. उस्तादांनी हे हजारदा केलं होतं आणि गिऱ्हाईक हजारदा हसत घरी गेलं होतं.

उस्तादांनी आरसा घेतला, ठिपका दिला, कवळी घासली. चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तीच जागा. पुन्हा ठिपका, पुन्हा घासणं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दुसरा कुणी असता तर पहिल्याच आठवड्यात मॅडमकडे धावत गेला असता. उस्तादांच्या हाताशी घासायचं यंत्र होतं, म्हणून ते कवळीच घासत बसले. 'कुठेतरी कण राहिलाय,' म्हणायचे आणि घासायचे. पाचव्यांदा घासल्यावर त्या जागी कवळी इतकी पातळ झाली की पलीकडचं बोट दिसायला लागलं.

आणि दुखत तर फारसं नव्हतंच. उलट खालचा ओठ डावीकडे बधिर व्हायला लागला होता. पाणी प्यायलं की हनुवटीवरून ओघळायचं आणि शर्ट ओला झाल्यावर कळायचं. दर दोन महिन्यांची तपासणी आली तेव्हा उस्तादांनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, आज तीन कवळ्या द्यायच्यात, पुढच्या आठवड्यात बसतो." पुढच्या आठवड्यात आणखी तीन होत्या. बायको म्हणाली, "तोंडाला वास येतोय हो." उस्ताद म्हणाले, "तुझ्या स्वयंपाकाचा आहे." ती आठ दिवस बोलली नाही, तेही बरंच झालं, प्रश्न थांबले.

सातव्या आठवड्यात, मॅडम जेवायला गेलेल्या, उस्तादांनी आरसा लावला आणि त्यांना जांभळ्या डागाच्या मधोमध काहीतरी पांढरं दिसलं. तांदळाएवढं.

"सापडला!" ते म्हणाले. कवळीचा कपचा रुतून बसलाय, हाच इतके दिवस टोचत होता. त्यांनी बारीक चिमटा घेतला आणि टोकाने टकटक केलं. टक टक. कडक.

मग त्यांचा हात थांबला. कवळी गुलाबी. तिचा कपचा पांढरा कसा असेल? म्हणजे प्लास्टर. त्यांनी चिमट्याच्या टोकाने ओरखडा काढला. प्लास्टर असतं तर पीठ निघालं असतं. निघालं नाही. दाताचं पोर्सेलीन म्हणावं, तर ते चमकतं. हे चमकत नव्हतं. पिवळट, मेलेलं, खरबरीत. ते त्या खोलीतल्या मालाची यादी मनात करत गेले. मेण, प्लास्टर, तार, गुलाबी पावडर, पांढरे दात. यात ह्या रंगाचं काहीच नव्हतं. तो माल बाहेरून आलेलाच नव्हता.

उस्ताद स्टुलावर बसले.

तुकडा थोडासा हलत होता. चिमट्यात पकड आली होती. एक झटका आणि बाहेर. चाळीस वर्षं हाताला एवढंच माहीत: जे चुकीच्या जागी आहे ते काढून टाकायचं, घासायचं, गुळगुळीत करायचं. हात म्हणत होता, ओढ. मॅडम परत यायच्या आत ओढ, जागा साफ कर, कवळी डब्यात टाक, कुणाला काही कळायचं नाही.

उस्तादांनी चिमटा टेबलावर ठेवला. मग तो उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग ड्रॉवरला कुलूप लावलं, कारण त्या हाताचा काही भरवसा नव्हता. आणि मॅडमची वाट बघत दारापाशी उभे राहिले.

उस्तादांना खुर्चीत बसवून मॅडमनी तोंडात बघितलं. दिवा हलवून पुन्हा बघितलं. मग हातमोजे काढले.

"हा जांभळा रंग कसला?"

"पेन्सिल."

"पेन्सिल कशाला?"

उस्तादांनी खिशातून कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. मॅडमनी ती उचलली, दिव्यासमोर धरली. घासून घासून जाळी झालेल्या जागेतून दिव्याचा उजेड त्यांच्या बोटावर पडला.

"किती वेळ लावताय?"

"दिवसातून दोनेक तास. चहाच्या वेळेला."

बायकोला बोलावून घेतलं होतं. ती कोपऱ्यात हात मागे बांधून उभी होती. तिथूनच म्हणाली, "झोपताना पण असते."

"अगं..."

"झोपताना पण असते, मॅडम. मला वाटलं तुम्हीच दिलीय. मी रोज सकाळी ब्रशने धुऊन द्यायचे." तिचा आवाज फुटला. "मी धुऊन द्यायचे हो!"

मॅडम उस्तादांकडे वळल्या. रागावल्या असत्या तर उस्तादांना बरं वाटलं असतं, रागावलेल्या माणसाला हसवायची युक्ती त्यांच्याकडे होती. मॅडम नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

"उस्ताद, कवळी उत्तम बनवलीत. पहिल्या दिवशीही तिच्यात खोट नसणार. तुम्ही इतके दिवस चांगली वस्तू घासत बसलात. हाड मरत होतं."

"जबडा जाणार का?"

"माहीत नाही. तो तुकडा ओढला नाहीत ना?"

"नाही."

"खरं सांगा."

"चिमट्याला कुलूप घालून आलोय," उस्ताद म्हणाले. चाळीस वर्षांत मॅडमना त्यांनी सांगितलेलं बहुतेक हे पहिलं सरळ वाक्य.

एक्स-रे झाला. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनने तो बघितला आणि म्हणाला, घाई नको. मेलेला तुकडा आपोआप सुटतो का बघू. खाली कातडी धरली तर ठीक. हाड आणखी उघडं पडत गेलं तर कापू. तोवर गोळ्या, दिवसातून चार वेळा औषधाच्या चुळा आणि दर गुरुवारी मॅडमकडे उघड्या हाडाचं मोजमाप.

आणि मग नुसते गुरुवार. पहिल्या गुरुवारी अकरा मिलिमीटर. दुसऱ्या गुरुवारी अकरा. तिसऱ्याला बारा, आणि त्या आठवड्यात बायकोने मिक्सरचं झाकण न लावता मिक्सर चालवला, भिंत रंगली, आणि दोघांपैकी कुणालाच पुसायला उठायचं त्राण नव्हतं. "राहू दे," उस्ताद म्हणाले, "नवीन डिझाइन आहे म्हणू." चौथ्याला बारा. सर्जनने तारीख बघून ठेवायला सांगितली. उस्ताद पँट वर करून आपली पोटरी बघायचे, कुठून काढतील हाड, आणि पायाला म्हणायचे, "तू कशाला घाबरतोस, तुझी बढती आहे."

इस्त्रीवाल्याकडे जाणं बंद झालं होतं. मग तोच यायला लागला. कपड्यांचा गठ्ठा खांद्यावर, उस्तादांच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणायचा, "सांगा काहीतरी."

"तुला कळत नाही मी काय बोलतो ते."

"नाही कळलं तर दोनदा सांगा. मला कुठे गाडी पकडायचीय?"

उस्ताद दोनदा सांगायचे, कधी तीनदा. मध्ये पाण्याचे घोट. विनोद तोवर शिळा व्हायचा, पण इस्त्रीवाला शेवटपर्यंत उभा राहायचा. गठ्ठा मात्र खाली ठेवायचा नाही, खांदा बदलायचा.

पाचव्याला बारा. सहाव्याला बारा. सातव्या गुरुवारी उस्ताद खुर्चीत टेकले, तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले, कारण आकडा बघायचा आता कंटाळा आला होता. मॅडमनी दिवा ओढला. चिमटा टेकवला. उस्तादांना काही जाणवलं नाही, तसंही त्या बाजूला काही जाणवायचं नाही.

"सुटला," मॅडम म्हणाल्या.

उस्तादांनी डोळे उघडले. मॅडमच्या चिमट्यात नखाएवढा तुकडा होता, कडेने कुरतडल्यासारखा. रक्ताचा थेंब नाही. मॅडम तिकडे बघतच नव्हत्या, त्या आत बघत होत्या. दिवा जवळ, मग आणखी जवळ. कोपऱ्यातून बायको दोन पावलं पुढे आली आणि पहिल्यांदाच तिचे हात मागे नव्हते, ते खुर्चीच्या पाठीवर होते.

"काय आहे खाली?" तिने विचारलं. उस्तादांच्या तोंडात आरसा होता, त्यांना विचारता येत नव्हतं.

"पुढच्या बाजूला कातडी धरलीय. गुलाबी आहे." मॅडमनी आरसा आणखी मागे सरकवला. "मागे थोडं पांढरं आहे अजून. तीन मिलिमीटर. चार असेल."

आरसा बाहेर आला. उस्तादांनी बाटली घेतली, घोट घेतला. अर्धा घोट हनुवटीवरून गेला, बायकोने पदराने पुसला.

"म्हणजे राहिला का जबडा?"

"आज राहिला. सर्जनची तारीख रद्द करू. पण मागचं झालेलं नाही, उस्ताद. पुढच्या गुरुवारी या. चुळा चालूच. गोळ्या चालूच."

"आणि काड्या?"

"काड्याही."

उस्ताद काहीतरी बोलणार होते. जागा चांगली होती, समोर दोन बायका होत्या, एरवी सोडलं नसतं. पण शब्द जुळवायला लागले आणि तेवढ्यात सगळं अंगच सैल पडलं. त्यांनी डोकं खुर्चीला टेकवलं.

बाहेर पेशंट खोकले. कुणीतरी घड्याळाचं काहीतरी म्हणालं. मॅडमनी दिवा विझवला, स्टूल मागे घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं नाही. बसू दिलं त्यांना तिथेच, हवा तेवढा वेळ.